जिभाऊंचं रेलिश

नंदुरबारला बदली झाली तेव्हा मी खोली बघायला गेले. घरमालकांनी मला दोनच प्रश्न विचारले. पहिला, आडनाव काय. दुसरा, आंबट सोसतं का. पहिल्या उत्तरावर त्यांनी थोडा विचार केला. दुसऱ्यावर मी "सोसतं" म्हणाले आणि त्यांनी लगेच किल्ली हातात ठेवली. पुढची सहा वर्षं मी त्या एका शब्दाची शिक्षा भोगली.

सगळी कॉलनी त्यांना जिभाऊ म्हणायची. आमच्या साताऱ्याकडे हा शब्द नाही. खानदेशात घरातल्या थोरल्याला असं म्हणतात हे मला मागाहून कळलं. पहिले आठ दिवस मला वाटत होतं, या माणसाचा जिभेशी काहीतरी संबंध असणार. नवव्या दिवशी त्यांच्या हातचं चाखलं आणि तो गैरसमज दूर झाला.

जिभाऊ चाळीस वर्षं एका डॉक्टरांकडे कंपाउंडर होते. डॉक्टर वारले, दवाखाना बंद झाला, त्या जागी मोबाईलचं दुकान आलं, पण जिभाऊंच्या अंगातला कंपाउंडर काही निवृत्त झाला नाही. भेटलेल्या माणसाला ते नमस्कार करत नसत. "पोट साफ आहे ना?" असं विचारत. समोरचा "हो" म्हणाला तरी ते त्याच्या डोळ्यांकडे अशा नजरेनं बघत की त्याला स्वतःच्याच पोटाविषयी शंका यावी. माझ्याशी आणि दवाखान्यातल्या जुन्या पेशंटांशी ते पुस्तकी मराठी बोलत. बायकोशी भांडताना अहिराणी.

तर या माणसाचं जगातलं एकमेव प्रेम म्हणजे काकडीचं रेलिश, म्हणजे साहेबी पद्धतीचं आंबटगोड लोणचं.

तरुणपणी ते चिंचपाड्याला मिशनच्या आवारात एका परदेशी नर्सबाईंची बाग सांभाळत. बाई मायदेशी गेल्या, जाताना ही पाककृती जिभाऊंच्या गळ्यात बांधून गेल्या. "बाईंनी मला दोन गोष्टी शिकवल्या," ते सांगत, "एक स्वच्छता आणि दुसरं रेलिश." यावर त्यांची बायको, म्हणजे आमच्या जिजी, भाजी निवडता निवडता पुटपुटायच्या, "आनि चव शिकाडानी ऱ्हाई गई."

घरामागे गुंठाभर जागेत त्यांची बाग होती. काकडीचे वेल, कांदे, थोडी ढोबळी मिरची. ढोबळी चालायची, कारण ती तिखट नसते. वेलांना पाणी द्यायला त्यांनी दवाखान्यातल्या जुन्या सलाईनच्या नळ्या लावल्या होत्या. खांबाला बाटली टांगलेली, खाली थेंब थेंब पाणी. नवा माणूस आला की त्याला वाटे, या काकड्या अतिदक्षता विभागात आहेत. काकडी वीतभर झाली की ती त्याच दिवशी तोडायची. एक दिवस जास्त झाला तरी जिभाऊंच्या लेखी ती काकडी वाया गेली, मग ती जिजींच्या कोशिंबिरीला मिळायची.

रेलिशच्या दिवशी घरात कर्फ्यू लागे. काकडीच्या बिया काढून ती बारीक चिरायची, मीठ लावून ठेवायची, सुटलेलं पाणी धोतराच्या फडक्यातून पिळून काढायचं. मग व्हिनेगर, साखर, मोहरी, हळद घालून शिजवायचं. जॅमच्या आणि कॉफीच्या रिकाम्या बाटल्या मोठ्या पातेल्यात खाली फडकं घालून वीस मिनिटं उकळायच्या. त्या वेळी स्वयंपाकघरात जिजींनासुद्धा प्रवेश नसे. जिभाऊ नाकातोंडाला रुमाल बांधून गरम बाटल्यांत गरम रेलिश भरत, झाकणं घट्ट लावत आणि बाटल्या पुन्हा उकळत्या पाण्यात सोडत. बाहेर काढून त्या फळीवर मांडल्या की आम्हा सगळ्यांना हाक मारत. बाटली निवताना पत्र्याचं झाकण आत ओढलं जातं आणि 'टक्' असा आवाज येतो. तो ऐकायला आम्ही ओट्यापुढे रांगेत उभे.

"टक्."

"ऐकलंत? हवा गेली. हवा हा शत्रू आहे, मॅडम. वर्षभर काही होणार नाही याला."

काही होत नसे हे खरं होतं. बुरशीसुद्धा त्याच्या वाटेला जात नसे. मग लेबल लागे. सुवाच्य अक्षरात तारीख, आणि खाली 'जेवणानंतर दोन चमचे. लहान मुलांच्या हाती लागू देऊ नये.' या दुसऱ्या सूचनेचं पालन कॉलनीतली मोठी माणसंही करत.

चव कशी होती म्हणाल, तर आधी गोड लागे. माणूस जरा सैलावतो न सैलावतो तोच आंबट येई, आणि ते गेलं की मागे दवाखान्याचा वास राही. तिखटाचा मात्र थेंब नाही. आणि हे कुठे, तर नंदुरबारात! मोसमात इथे वाऱ्यालाही ठसका लागतो. गावाबाहेर मिरच्या वाळत घातलेली मैदानंच्या मैदानं लाल असतात. अशा गावात राहून जिभाऊ सांगत, "मिरची ही आळशी माणसाची चव आहे. काही जमलं नाही की टाकली मिरची." त्यांच्या घरात लग्नानंतर ठेचा वाटला गेला नव्हता. जिजी मिरचीवाल्यांच्या घरातल्या. त्यांचं माहेर म्हणजे बारा महिने शिंका. मी राहायला आल्यावर महिन्याभरातच त्या एक छोटा खलबत्ता पदराखाली घेऊन वर आल्या. म्हणाल्या, "तुन्हा ओट्यावर ऱ्हाऊ दे." तेव्हापासून जिभाऊ दुपारी झोपले की जिजी माझ्याकडे येऊन भाकरी-ठेचा खात. डोळ्यांतून पाणी यायचं. ते तिखटाचं, असं मी समजत असे.

कॉलनीत रेलिश कोणालाच आवडत नव्हतं आणि ते कोणीच बोलत नव्हतं. जिभाऊंनी इथल्या निम्म्या पोरांना इंजेक्शनं दिलेली, रात्रीअपरात्री सायकल मारून औषधं पोचवलेली. त्यांना कोण दुखावणार? बाटली मिळाली की लोक म्हणत, "वा जिभाऊ, यंदा तर फारच झकास!" कॉलनीच्या ग्रुपवर ते बाटल्यांच्या रांगेचा फोटो टाकत आणि खाली अंगठ्यांचा पाऊस पडे. त्यात माझाही अंगठा असे. शाळेत मी मुलांना नेहमी खरे बोलावे हा पाठ शिकवून येत असे आणि संध्याकाळी अंगठा देत असे.

मग जिभाऊंना पंचाहत्तरावं लागलं.

मुलगा सुरतेला असतो, तो म्हणाला हॉल घेऊ, जेवण देऊ. जिभाऊ म्हणाले, नको. मी प्रत्येक घरी स्वतःच्या हातानं एक बाटली देणार. त्या फाल्गुनात त्यांनी चोवीस बाटल्या भरल्या. चोवीस वेळा टक् झालं. वाटपाच्या आदल्या दिवशी ते बहिणीला भेटायला प्रकाशा गावी गेले. गाडी सुटल्यावर दहाव्या मिनिटाला जिजी माझ्या दारात उभ्या. पाटीत बाटल्या.

"हाई काय?" मीही एव्हाना थोडी अहिराणी बोलू लागले होते.

"ऐक ना," जिजी म्हणाल्या. "पंच्याहत्तर वरीसना व्हयना हाऊ मानूस. एकदाव तरी लोकेसनी मनथून खावाले पाहिजे का नही? मी थोडा ठेचा टाकस. कोनले समजाव नही. हिरवा मां हिरवं."

मी नको म्हणायला हवं होतं. बाटली उघडली की हवा आत जाते, हे सहा वर्षं माझ्या कानीकपाळी ओरडून सांगितलेलं होतं. पण जिजींच्या चेहऱ्यावर एक उत्साह होता, तो मी आधी कधी पाहिला नव्हता. मी लसूण सोलला. जिजींनी झाकणं उघडली, प्रत्येक बाटलीतलं थोडं आंबट पाणी ओतून दिलं, ठेचा घातला, चमच्यानं ढवळलं, झाकण लावलं. मी चव घेतली. पहिल्यांदाच आणखी थोडी घ्यावीशी वाटली.

दुसऱ्या दिवशी जिभाऊ इस्त्रीचा सदरा घालून घरोघर बाटल्या वाटून आले. एक त्यांनी स्वतःसाठी ठेवली.

पाचव्या दिवशी सकाळी ते माझ्या दारात आले. हातात ती बाटली. तिचं झाकण फुगून वर आलं होतं आणि काचेला आतून बारीक बुडबुडे चिकटले होते.

"मॅडम, चला माझ्याबरोबर. रविवार आहे ना? माझ्या हातून चूक झालीय. बाटल्या परत आणायच्या."

सांगायचं सोडून मी चपला घातल्या. खाली वळणावर भाजीवाल्याची लोटगाडी मागून आणलेली तयार होती. ते पुढे, मी मागे.

पहिलं घर समोरच्या वहिनींचं. जिभाऊंनी विचारलं, "यंदाची बाटली उघडली का?"

"उघडली म्हणजे काय, संपत आली!" वहिनी सवयीनं म्हणाल्या. "आमच्या यांना तर पोळीबरोबर तेच लागतं."

जिभाऊंचा चेहरा पांढरा पडला. "कोणी कोणी खाल्लं?"

"सगळ्यांनीच."

"लहानीनं?"

"तिनं तर बोटं चाटून!"

"मॅडम, रिक्षा बोलवा," जिभाऊ म्हणाले. "सगळ्यांना सरकारी दवाखान्यात न्यायचं. बाटली बिघडलेली आहे. पोट धुवावं लागेल."

पोट धुवावं लागेल म्हटल्यावर वहिनींचं रेलिशप्रेम ओसरलं. त्या एकदा माझ्याकडे, एकदा नवऱ्याकडे बघत राहिल्या. मग आत गेल्या, दिवाणाखाली हात घातला आणि बाटली बाहेर काढली. झाकणाला घरातल्या कोणी हात लावलेला नव्हता. तिच्यामागून आणखी पाच बाटल्या निघाल्या, धूळ बसलेल्या.

"जिभाऊ, राग नका येऊ देजात... आम्ही नही खादं."

जिभाऊंनी एकेक बाटली उचलून लेबलं वाचली. स्वतःचंच अक्षर ते अनोळखी असल्यासारखं वाचत होते. मग म्हणाले, "बरं झालं." आणि खरोखर त्यांना हायसं वाटलं होतं. लहानी वाचली होती.

पुढच्या घरी माळ्यावरून सात निघाल्या. त्याच्या पुढच्या घरी बाटली दाराला अडसर म्हणून लावलेली होती. एका ठिकाणी गेल्या वर्षीचं रेलिश मोरीत गेलं होतं आणि बाटलीत मनीप्लँट होता. प्रत्येक दारात आधी "फार छान होतं" आणि मग पोट धुण्याचं नाव निघालं की शपथेवर कबुली. दहाव्या घरापर्यंत जिभाऊंनी विचारायची पद्धत बदलली. नुसतेच म्हणत, "खाल्लं नाही ना? मग द्या इकडे." लोटगाडी भरत चालली. माझी हिंमत मात्र रिकामी होत होती.

मध्येच ते एका झाडाखाली थांबले. माझ्याकडे न बघता म्हणाले, "दवाखान्यात एकदा माझ्या हातून दोन बाटल्यांची अदलाबदल झाली होती. पोर वाचली. डॉक्टर म्हणाले, कोणाला सांगू नको. मी पोरीच्या बापाला जाऊन सांगितलं. त्यानं माझ्या कानफटात मारली, आणि मग चहा पाजला." पुढे म्हणाले, "सांगून टाकलेलं बरं असतं, मॅडम."

एवढं ऐकूनही मी सांगितलं नाही. अजून मला त्याची लाज वाटते.

कोपऱ्यावर कल्हईवाल्या चाचांचं दुकान. चाचा भाता बाजूला ठेवून उठले. सगळ्यांत एकट्या त्यांच्याकडे यंदाची बाटली रिकामी निघाली. जिभाऊंनी छातीवर हात ठेवला. "खाल्लं?"

"खाने का तो कभी सोचाच नहीं, जिभाऊ," चाचा प्रामाणिकपणे म्हणाले. "पर तांबे पे क्या चलता है! एक हाथ मारा, के मैल साफ. हर साल आपकी राह देखता मैं." मग त्यांनी तळहात पुढे केला. "मगर इस बार हाथ में आग लगी. मिर्ची डाले क्या?"

"मिरची?"

जिभाऊंनी गाडीतली एक बाटली उघडली. फस्स झालं. वास घेतला. मग सावकाश मान वळवून माझ्याकडे बघितलं. मी तेव्हा चाचांच्या दुकानाचे पत्रे मोजत होते.

मला वाटलं, आता ते इथेच ओरडतील. पण ते म्हणाले, "उरलेली घरं आधी." आणि उरलेली सगळी घरं आम्ही केली.

शेवटचं घर माझंच. त्यांनी मला विचारलंसुद्धा नाही. सरळ वर आले, फडताळ उघडलं. तिथे माझ्या बाटल्या होत्या, अर्ध्या भरलेल्या. शेजारी माझी पितळी समई, सोन्यासारखी चकचकीत. ते समईकडे बघत राहिले. तेवढ्यात जिजी जिना चढून आल्या.

"मी टाका ठेचा," जिजी म्हणाल्या. "तिले काही बोलू नका."

"लसूण मी सोलला," मी म्हणाले. कबुली द्यायची ती जरा मोठी द्यावी, म्हणून.

जिभाऊ पायरीवर बसले. "उघाडानंतर परत उकाळी दिधी का?"

"नही."

"चमचा कोरडा व्हता?"

"वल्ला व्हता."

"मानसं मरी जातात!" ते पहिल्यांदाच ओरडले. "समजस का तुले? मानसं मरी जातात!"

"मरतीन कशा?" जिजी शांतपणे म्हणाल्या. "खातस कोन?"

खाली लोटगाडीत वर्षानुवर्षांच्या बाटल्या उन्हात उभ्या होत्या. जिभाऊंनी जिन्याच्या खिडकीतून त्यांच्याकडे पाहिलं.

"तुले माहीत व्हतं?"

"पहिलपासून."

"मंग सांगं काब्र नही?"

"तुम्ही कव्हय इचारं? टक् वाजनं का, एवढंच इचारेत. कशी लागस, हाई कव्हय इचारं?"

चाळीस वर्षं ज्यांच्या पोटाची चौकशी केली त्या सगळ्यांत बायकोचं तोंड तेवढं राहून गेलं होतं.

त्या दुपारी त्यांनी बागेत कुदळीनं खड्डा खणला आणि एकेक बाटली त्यात ओतली. कोणाला हात लावू दिला नाही. संध्याकाळी कॉलनीच्या ग्रुपमधून बाहेर पडले. मग कॉलनीला पश्चात्तापाचा झटका आला. वहिनी भाकरी घेऊन आल्या, कोणी केळी आणून दिली, कोणी म्हणालं, "जिभाऊ, पुढच्या वर्षी नक्की खाऊ हां." जिभाऊंनी सगळ्यांना एकच उत्तर दिलं, "पोट साफ आहे ना? मग घरी जा."

पावसाळाभर वेल नुसतेच वाढले. काकड्या पिवळ्या होऊन गळाल्या. जिभाऊ दारातल्या ओट्यावर बसून असत. मला वाटलं, माणूस संपला. पण कंपाउंडर असा संपत नाही. दिवाळीनंतर एक दिवस खालून आरडाओरडा ऐकू आला म्हणून धावत गेले, तर स्वयंपाकघरात दोघं होते. दोघांच्याही तोंडाला रुमाल. जिजी खलबत्ता घेऊन बसल्या होत्या आणि जिभाऊ त्यांना बजावत होते, "ठेचा शिजाडाना आगोदर टाकाना! नंतर नही! आनि चमचा पुसी ले!"

त्या वर्षीच्या बाटल्या आठ दिवसांत संपल्या. वहिनी स्वतःहून दुसरी मागायला आल्या. चाचांनी खरंच खाल्लं, आणि तांब्यासाठी वेगळी जुन्या पद्धतीची मागितली. जिजी दारात उभ्या राहून हे ऐकत होत्या. जिभाऊ मात्र येणाऱ्या प्रत्येकाला सांगत होते, "यंदा काकडी चांगली आली." मला इतका राग आला की मी सरळ म्हणाले, "काकडी नाही जिभाऊ, ठेचा." ते म्हणाले, "असेल, असेल. थोडा हातभार असेल." जिजी हसल्या. त्या कशा हसू शकतात, ते मला अजून कळलेलं नाही.

गेल्या वर्षी माझी पुन्हा बदली झाली. सामान टेम्पोत चढलं होतं, ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता. जिभाऊ इस्त्रीचा सदरा घालून फाटकात आले. पिशवीतून दोन बाटल्या काढून त्यांनी कठड्यावर ठेवल्या.

"एक हिची, एक माझी. माझी म्हणजे बाईंच्या पद्धतीची. मी एवढीच करतो आता, माझ्यापुरती. कोणती नेता?"

जिजी त्यांच्या मागे उभ्या होत्या. मी जिभाऊंच्या तोंडाकडे पाहिलं. "दोन्ही" म्हणणं सोपं होतं.

"जिजींची," मी म्हणाले. "तुमची मला कधीच आवडली नाही."

त्यांनी मान डोलावली. स्वतःची बाटली उचलली, सदऱ्याच्या टोकानं पुसली आणि जपून पिशवीत ठेवली.

"बरोबर आहे," ते म्हणाले. "ही झेपायला पोट मजबूत लागतं."